माळ कुणी ओवली, हे आता विचारलं जातंय

२०२५ मध्ये आषाढी एकादशी आणि आशुरा एकाच दिवशी आले, ६ जुलैला. आपल्या भागात हे दोन्ही दिवस मोठे. आषाढीआधी माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला येते, तरडगाव, फलटण, बरड करत पुढे जाते आणि सातारा जिल्ह्याचा तो सगळा पट्टा आठवडाभर टाळ-मृदंगाने भरून जातो. तिकडे सांगली जिल्ह्यात कडेगावच्या मोहरमचे उंच ताबूत. त्यांत हिंदू मानकऱ्यांचेही ताबूत असतात, हे वेगळं सांगायला नको. दोन्ही दिवस एकत्र आले म्हणून तेव्हा ऐक्याचे फोटो खूप फिरले. मलाही बरं वाटलं.

पण त्याच आठवड्यात मोबाईलवर दुसराही एक मजकूर फिरत होता. वारीत माळ, बुक्का, कुंकू, प्रसाद घ्यायचा तर दुकानदाराचं नाव विचारून घ्या, असा. एका विद्यार्थिनीच्या आईनेच तो मला दाखवला. तिच्या घरात चार पिढ्या माळा गाठवायचं काम आहे. तिने फक्त एवढंच विचारलं, "बाजी, हे आमच्याबद्दलच आहे ना?"

हो, त्यांच्याबद्दलच आहे. आणि त्यांच्याबद्दल आपल्या बातम्यांत कधीच काही येत नाही, म्हणून हा लेख.

पटवेगर, कुठे पटवेकरी म्हणतात. सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज, खाली कोल्हापूर, निपाणी, बेळगावपर्यंत ही घरं विखुरलेली आहेत. सोनार दागिना घडवतो, पण तो गळ्यात घालण्याजोगा करतो तो पटवेगर. साजाची पानं, पुतळ्या, मंगळसूत्राच्या वाट्या आणि काळे मणी रेशमात गाठवायचे, मागे गोंडा बांधायचा, गोफ वळायचा, करदोडे करायचे. १८८० च्या दशकात इंग्रजांनी मुंबई इलाख्याची गॅझेटियरं छापली. सोलापूर, बेळगावसारख्या जिल्ह्यांतल्या मुसलमानांच्या यादीत पटवेगर वेगळे नोंदलेले सापडतात, रेशमाचे गोंडे वळणारे म्हणून. म्हणजे तेव्हाच्या साहेबाला आपली जात-जमात माहीत होती. आजच्या तालुक्याच्या कचेरीत विचारून बघा.

याच हातांकडे जपमाळ येते. रुद्राक्ष बहुतेक नेपाळ आणि इंडोनेशियातून येतो, व्यापाऱ्याकडून पोत्याने. तुळशीचे मणी पंढरपूरहून. तिथे काशीकापडी समाजाची घरं वाळलेली तुळशीची काडी कापून, सांध्यावर घासून, भोक पाडून मणी करतात. हेही एक कसबी घराणं आहे आणि तेही गरीबच. मण्यांना छिद्र सारखं नसतं, रुद्राक्षात तर नसतंच. एकेक मणी निवडायचा, मोठे-बारीक वेगळे करायचे, दोरा मेणातून ओढून घ्यायचा, एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायचं आणि मणी, गाठ, मणी, गाठ करत जायचं. गाठ सैल पडली तर मणी खेळतो, जप करणाऱ्याचं बोट चुकतं. घट्ट झाली तर माळ काठीसारखी ताठ राहते. १०८ मणी झाले की मेरुमणी आणि त्याखाली गोंडा. डझनभर माळा म्हणजे १२९६ मणी आणि जवळपास तितक्याच गाठी. मजुरी नगावर. मणी व्यापाऱ्याचे, नफा व्यापाऱ्याचा, डोळे आणि पाठ बाईची.

मी त्या घरी गेले तेव्हा चटईवर एका बाजूला रुद्राक्ष होते आणि दुसऱ्या बाजूला ९९ दाण्यांच्या तसबीहचे तयार नग. रमजानच्या आधी तसबीह, श्रावणाच्या आधी जपमाळ. तसबीहमध्ये ३३ दाण्यांनंतर वेगळा दाणा येतो आणि शेवटी इमाम. माळेला मेरुमणी, जो ओलांडायचा नसतो, तिथून उलटं फिरायचं. ते सगळं त्या बाईला तोंडपाठ. कुणाच्या कुठल्या मण्याला काय मान आहे हे तिला माहीत आहे आणि ती तो मान ठेवते. अंगठ्याला दोरा अडकवायचा म्हणून बसण्याआधी पाय धुते, हे मी पाहिलं. तिला कुणी सांगितलेलं नाही.

गिऱ्हाईक कोण? सातारा जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. माण तालुक्यात गोंदवले, जिथे ब्रह्मचैतन्य महाराजांच्या समाधीवर रामनामाचा जप अखंड चालतो. तिथे येणाऱ्या माणसाच्या हातात माळ असणारच. त्याच तालुक्यात शिखर शिंगणापूर, शंभू महादेवाची चैत्रातली यात्रा, रुद्राक्षाला मागणी. सज्जनगड आहे, पुसेगाव आहे, पालीचा खंडोबा आहे, मांढरदेव आहे. सांगलीकडे औदुंबर, खरसुंडी, जतची यल्लम्मा. या सगळ्या ठिकाणी आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या दुकानं लावत आली. मणियार बांगड्या घेऊन, अत्तार कुंकू-बुक्का-नाडा-अगरबत्ती घेऊन, पटवेगर माळा आणि करदोडे घेऊन. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळदीचं कुंकू होतं, ते अत्ताराच्या डबीतून वाण्याच्या नव्हे तर थेट जत्रेतल्या बाईच्या कपाळाला जातं. कुणी कधी विचारलं नाही.

आता विचारतात. अचानक नव्हे, टप्प्याटप्प्याने.

२०२२ च्या मार्चमध्ये किनारी कर्नाटकात उडुपीकडच्या देवळांच्या जत्रांत मुस्लिम दुकानदारांना जागा देऊ नका, अशी मोहीम झाली. त्याला आधार म्हणून तिथल्या देवस्थान कायद्याखालचा एक नियम पुढे करण्यात आला. आपली सीमेवरची माणसं चिंचलीच्या मायाक्काला, सौंदत्तीला दुकानं घेऊन जातात, त्यांना ते लगेच कळलं. जून २०२४ मध्ये त्र्यंबकेश्वरला ओम प्रतिष्ठानने प्रसाद विकणाऱ्या दुकानांना 'ओम प्रमाणपत्र' देण्याची सुरुवात केली. त्याच्या पुढच्याच महिन्यात उत्तर प्रदेशात कावड मार्गावरच्या खाणावळींना मालकाची नावं लावायला सांगण्यात आलं. २२ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली आणि सांगितलं की काय शिजतंय ते लिहायला लावा, कोण शिजवतंय ते नको. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना बंदीचा ठराव केला. त्यावर आरडाओरड झाली, चौकशी लागली, तो ठराव नियमात बसत नसल्याचं प्रशासनाने सांगितलं. पण ठराव झाल्याची बातमी जेवढी फिरली तेवढी तो बसत नसल्याची फिरली नाही.

आणि आपल्या घराजवळचं विसरून कसं चालेल? सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत मशिदीवर जमाव चालून आला, एक जीव गेला. त्यानंतर आसपासच्या आठवडी बाजारात पाल मांडायला जाताना माणूस दहादा विचार करू लागला. बंदी कुणी घातली नव्हती. भीतीच पुरेशी होती.

या घटनांना एकाच माळेत ओवणं सोपं आहे. पण मला त्यातला फरक महत्त्वाचा वाटतो, कारण उपायही त्यावर ठरतो.

गिऱ्हाईकाने कुणाकडून घ्यायचं हा त्याचा प्रश्न. त्याने नाव विचारून पाठ फिरवली तर दुःख होतं, कायदा काही करू शकत नाही. एखाद्या संस्थेने आपल्या आवडीच्या दुकानाला प्रमाणपत्र दिलं, तेही तोवर खाजगीच. पण ग्रामपंचायत ही खाजगी नाही. संविधानाच्या १२ व्या कलमाच्या अर्थाने ती 'राज्य' आहे. १५ वे कलम तिला धर्मावरून भेद करू देत नाही, १९ व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला धंद्याचा हक्क दिलाय. ग्रामसभेत हात वर करून तो काढून घेता येत नाही. देवस्थान ट्रस्टच्या मालकीच्या आवारातली गोष्ट थोडी वेगळी असते, तिथे जागा ट्रस्ट देतो. म्हणून पहिला प्रश्न हाच असला पाहिजे: जिथे पाल मांडलं होतं ती जागा कुणाची? गावरस्ता, गायरान, बांधकाम खात्याचा रस्ता की ट्रस्टचं आवार? आपल्या माणसांना हे विचारायची सवय नाही. "उठा म्हणाले, उठलो" एवढंच सांगतात. मागच्या वर्षीची जागाभाड्याची पावती विचारली तर ती नसते. वीस वर्षं तिथेच बसतो, पावती कशाला?

काही जण मला सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याचं सांगतात. महाराष्ट्राने तो केला खरा, २०१६ चा कायदा, २०१७ पासून लागू, देशातला पहिला. पण तो मुख्यतः जातपंचायतींच्या जाचासाठी आहे, एका समाजाने आपल्याच सभासदाला वाळीत टाकण्याबद्दल. एका धर्माच्या दुकानदारावर दुसऱ्यांनी घातलेल्या बहिष्काराला तो जसाच्या तसा लागू होईल या भरवशावर बसू नये. शहरात २०१४ चा पथविक्रेता कायदा जास्त कामाचा आहे. त्यात सर्वेक्षण, प्रमाणपत्र, जागा अशी रीत आहे आणि उठवण्याआधी नोटीस लागते. सातारा, कऱ्हाड, सांगली-मिरजेत जे रोज बसतात त्यांनी ते प्रमाणपत्र घेतलंय का, हे जमातीने एकदा घरोघर विचारावं.

एक गंमत सांगते. वस्तू व सेवा करात रुद्राक्ष, रुद्राक्षाची माळ आणि तुळशीची कंठीमाळ यांना शून्य कर आहे. पूजा सामग्री म्हणून जानवं, कलावा, विभूती यांच्याबरोबर त्यांची नावं यादीत आहेत. म्हणजे सरकारच्या कर खात्यालाही माळ म्हणजे काय एवढंच बघायचं आहे.

आता आपल्याकडच्या आवाजाकडे येते, कारण त्याबद्दल गप्प राहिले तर लेख अर्धाच होईल. त्याच विद्यार्थिनीच्या घरी मोठा मुलगा आईला म्हणत होता, "दुसऱ्यांच्या पूजेची चीज बनवणं जाइज नाही, सोडून दे." त्याने ते कुठल्यातरी बयानमध्ये ऐकलं. म्हणजे बाहेरचा म्हणतो हिच्याकडून घेऊ नका आणि घरातला म्हणतो तू बनवू नको. दोघांच्या मध्ये ती बाई आणि तिची चटई.

मी आलिम नाही, फतवा देणं माझं काम नाही. पण मदरशात शिकलेल्या कुणालाही विचारा, गैरमुस्लिमासाठी केलेल्या अशा मजुरीच्या मसल्यात हनफी फिक्हच्या जुन्या किताबांतच इमाम अबू हनीफा एका बाजूला आणि त्यांचे दोन शागिर्द, इमाम अबू यूसुफ व इमाम मुहम्मद, दुसऱ्या बाजूला, असा इख्तिलाफ नोंदलेला आहे. ज्या प्रश्नावर इतके मोठे लोक एका मताचे नव्हते, त्यावर वीस वर्षांच्या पोराने दोन मिनिटांच्या व्हिडिओवरून आईची रोजी हराम ठरवू नये. शंका असेल तर जाणत्या आलिमाकडे आईला घेऊन जा, तिची मेहनत काय आहे ती त्यांना दाखव, मग विचार. आणि सोडायचंच असेल तर दुसऱ्या दिवशीच्या चुलीची सोय आधी कर. हे मी त्याला तोंडावर म्हटलं. त्याला आवडलं नाही.

खरं तर बहिष्कारापेक्षा आणि बयानापेक्षा मोठा धक्का तिसऱ्याच बाजूने बसलाय. रबराच्या दोरीत ओवलेली रुद्राक्षाची मनगटपट्टी. तिला गाठ लागत नाही, पटवेगर लागत नाही. मथुरा-वृंदावनकडून यंत्रावर कातलेल्या माळा पोत्यांनी येतात, तुळशीच्या नावाखाली दुसऱ्या लाकडाच्याही. पंढरपूरचे काशीकापडीही त्याच माऱ्याखाली आहेत. मंगळसूत्रांत काळे मणी सोन्याच्या तारेत गुंफलेले तयार येऊ लागले तेव्हाच पटवेगरांचं अर्धं काम गेलं होतं. उरलेलं आता जातंय. 'आपल्यांकडूनच घ्या' म्हणणारा माणूस शेवटी हातात जी माळ घेतो ती कुठल्या कारखान्यात, कुणाच्या यंत्रावर झाली हे त्याला ठाऊक नसतं. पंढरपूरच्या काशीकापडीचा आणि कऱ्हाडच्या पटवेगराचा धंदा एकत्रच बुडतोय. एकाच्या मण्याशिवाय दुसऱ्याला काम नाही.

याउलट मिरज बघा. शिकलगार घराणी, मूळ हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून त्यांनी तंबोरे-सतारी करायला घेतल्या. आज देवळातल्या भजनापासून मोठ्या मैफलीपर्यंत मिरजेचा तंबोरा चालतो. त्यांनाही यंत्राने छळलंच, इलेक्ट्रॉनिक तंबोरा खिशात आला. पण ही मंडळी एकत्र आली, संस्था केली, कागद केले आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आता तिथला कारागीर कुणी विचारलं तर एक कागद पुढे करू शकतो, ज्यावर त्याच्या गावाचं आणि कामाचं नाव आहे.

पटवेगराकडे असा एकही कागद नाही. माझं म्हणणं इथेच आहे. ज्याचं नाव कुठेच नाही त्याला उठवणं सोपं असतं.

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. अठरा कारागिरी तिच्यात आहेत. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार, मग पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि पुढे दोन लाख कर्ज. सोनार आहे, शिंपी आहे, टोपल्या विणणारा आहे, मालाकार आहे. पटवेगर नाही. मालाकार म्हणजे हारवाला, त्यात माळा गाठवणारी बसते की नाही हे सेवा केंद्रात बसलेल्या मुलाच्या समजुतीवर अवलंबून. दोन घरांनी अर्ज करून पाहिला. एकाचा भरला गेला, दुसऱ्याला "तुमचं यात नाही" म्हणून परत पाठवलं, काम तेच. आणि अर्जाची पहिली पडताळणी गावात ग्रामपंचायतच करते. म्हणजे ज्या ग्रामसभेत उद्या आपल्याविरुद्ध हात वर होऊ शकतात, तिच्याच सरपंचाने लिहून द्यायचं की होय, ही बाई कारागीर आहे. म्हणून म्हणते, गावाशी बोलणं तोडून हे प्रश्न सुटणारे नाहीत. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत १९८० पासून मशिदीत गणपती बसतो. तिथल्या लोकांना कुणी व्याख्यान दिलेलं नाही, ते एकमेकांशी बोलत राहिले एवढंच.

केंद्राच्या हस्तकला आयुक्तालयाचं 'पहचान' कार्ड मिळतं, त्यासाठी अर्ज करा. अल्पसंख्याक वित्त महामंडळाची कारागिरांसाठी 'विरासत' कर्ज योजना आहे, जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन विचारा. आणि मुलांच्या दाखल्याकडे बघा, हे मी शिक्षिका म्हणून सांगते. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर उघडलं की जातीच्या रकान्यात आपल्या आजोबांपुढे नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. राज्यातल्या मुस्लिम ओबीसींच्या नोंदी बहुतेक धंद्यावर उभ्या आहेत. अत्तार, बागवान, मणियार, तांबोळी, मोमीन. ओबीसी दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. त्या काळात आजोबांनी धंदा सांगितला असता तर आज नातीला कचेरीत हेलपाटे पडले नसते. नाही सांगितला, कारण विचारणाऱ्या मास्तरांना वाटलं मुसलमान एवढं पुरे आणि आजोबांनाही तसंच वाटलं. जुनं खरेदीखत, वजनमापाचा परवाना, सोनाराच्या वहीतली नोंद, जे असेल ते शोधा. शादीखान्याच्या नव्या फरशीसाठी वर्गणी काढतो, तशी एक रविवारची सकाळ मशिदीच्या हॉलमध्ये कागदांसाठी ठेवायला काय हरकत आहे? कॉलेजची चार पोरं, एक मोबाईल, एक झेरॉक्सवाला. खर्च फार नाही.

त्या विद्यार्थिनीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म परवा माझ्याकडे आला. आईचा व्यवसाय या रकान्यात 'मजुरी' लिहिलं होतं. मी ते खोडून 'पटवेकाम, माळा गाठवणे' लिहायला सांगितलं. ऑनलाइन भरायला गेलो तर तिथे तसा पर्याय नव्हता. 'इतर' निवडलं आणि पुढच्या चौकटीत अक्षरं मावतील तेवढी भरली.